‘शेवटी देव एकच ना गं?’ या वाक्याला तुम्ही काय उत्तर देता?

नगरची_लेक (धागाकर्ती)

धागा मुख्यतः इथल्या ख्रिस्ती सभासदांसाठी काढतेय, पण इतरांनी लिहिलं तर आवडेलच. रणधुमाळी नको, एवढीच विनंती.

आमचं मूळ नगरचं. आजोबा गिरणीत लागले तेव्हा भायखळ्याला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. रविवारी मराठी उपासनेला जातो. आमच्या मजल्यावर एक मालवणी कुटुंब, एक जैन, एक कोकणी मुसलमान आणि आम्ही.

‘शेवटी देव एकच ना गं, नावं तेवढी वेगळी’ हे वाक्य लहानपणापासून ऐकतेय. शाळेत, लोकलमध्ये, आता ऑफिसात डबा खाताना. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा माया असते. ९२-९३ च्या दंगलीत आमच्या चाळीतली माणसं याच वाक्याला धरून एकमेकांच्या दारात बसली होती, ते मी पाहिलंय. त्यामुळे त्याची टिंगल माझ्याकडून होणार नाही.

तरीही मला ते पटत नाही. माझी श्रद्धा एका घटनेवर उभी आहे. रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अंमलात यरुशलेमेत येशूला वधस्तंभावर खिळलं, तो मेला, त्याला पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. हे घडलं असेल तर ते फक्त माझ्यापुरतं खरं असूच शकत नाही. घडलं नसेल तर माझ्यासाठीही खोटंच. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला हे पत्रात स्पष्ट लिहिलंय: ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ, आणि आमच्याइतकं कीव करण्याजोगं कुणी नाही. समोरच्या खाला कुराण मानतात, आणि कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात म्हटलंय की ईसांना सुळावर दिलंच गेलं नाही. या एका मुद्द्यावर आम्ही दोघी एकाच वेळी बरोबर असू शकत नाही. हे त्यांना ठाऊक आहे, मलाही. आमच्या घराची जादा किल्ली मात्र त्यांच्याकडेच असते. बौद्ध आणि जैन तर जगाचा निर्माता मानतच नाहीत, मग त्यांना या ‘एकच देव’मध्ये कुठे बसवायचं?

आता माझे प्रश्न. मुलगी अकरावीला आहे. ती विचारते, ‘खालाआजी एवढ्या चांगल्या, मग फक्त येशूच का?’ तिचा विश्वास टिकावा, आणि त्याच वेळी शेजाऱ्यांकडे वरून खाली बघायची सवयही तिला लागू नये, असं काय सांगू?

दुसरं रोजचं. गणपतीचा प्रसाद, ऑफिसची सत्यनारायण, सोसायटीची वर्गणी, आरती. तुमची रेषा कुठे आहे?

चहाटपरी

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

वसईकर_कुपारी

ताई, आमच्याकडे हा प्रश्न जरा वेगळ्या अंगाने येतो. वसईत गावंच्या गावं कॅथलिक, त्यामुळे लहानपणी ‘वेगळेपण’ जाणवतच नाही. ते कळतं विरार लोकलमध्ये.

कॅथलिकांपुरतं सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयी एक जाहीरनामा काढला. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं त्यात म्हटलंय. हे वाक्य सगळे सांगतात. त्याच परिच्छेदात पुढे असंही आहे की ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन, ही घोषणा चर्चने करत राहिलीच पाहिजे. हे वाक्य कुणी सांगत नाही. संवादवाले पहिलं वाचतात, कडवे लोक फक्त दुसरं. छापलेली मात्र दोन्ही एकाच पानावर आहेत.

माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी जाऊन बघा. १९४८ पासून नोव्हेना, म्हणजे दर बुधवारची खास प्रार्थना, चालू आहे. रांगेत सगळ्या धर्मांची माणसं, कुणाला नोकरी हवी, कुणाला मूल. दारावर कुणी नाव विचारत नाही. माउंट मेरीच्या जत्रेतही तेच, मेणाचं घर, मेणाचा पाय घेऊन अर्धी मुंबई चढावाने वर येते. पण मिस्सात, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तशरीर स्वीकारायची वेळ आली की ते बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसाठीच आहे. मला यात विसंगती दिसत नाही. येऊन बसायला कुणाला मनाई नाही, पण त्या घासाला अर्थ आहे, आणि तो अर्थ मानणाऱ्यासाठीच तो घास आहे.

मुलीच्या प्रश्नाबद्दल: स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोचली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं, अशी आमची शिकवण आहे. तेही ख्रिस्तामुळेच, त्यांना कळो न कळो. प्रोटेस्टंट मंडळींना हे कितपत चालेल ठाऊक नाही (हलके घ्या).

जिवंत_वचन

ताई, प्रश्न चांगला, पण उत्तर सोपं आहे आणि लोकांना ते नको असतं. प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येत नाहीत. १ करिंथ १०. नैवेद्याचा मोदक खाणं म्हणजे त्या मेजावर बसणं. आमच्या मंडळीत प्रसाद घेत नाहीत, वर्गणी देत नाहीत, आरतीच्या वेळी आम्ही बाहेर जातो. अर्धवट राहून विश्वास टिकत नाही. आज मोदक, उद्या मांडवात फोटो, परवा ‘सगळं एकच’.

नगरची_लेक

@जिवंत_वचन, तुमच्या शेवटच्या वाक्यातली भीती मला समजते. ती खोटी नाही, आमच्याही नात्यात तसं झालेलं पाहिलंय.

पण १ करिंथ १० पुढे वाचा. मूर्तीच्या मेजाबद्दल इतकं कडक लिहिल्यावर तोच पौल लगेच सांगतो की बाजारात विकलं जाणारं मांस खा, विचारत बसू नका. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं तर जा, पुढे वाढेल ते खा. ‘हे नैवेद्याचं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं तर मात्र थांबा, आणि तेही सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. करिंथात मंदिरं आणि बाजार इतके एकमेकांत गुंतले होते की असल्या प्रश्नावाचून त्या लोकांचं जेवणच होत नसणार. लालबागशेजारी राहणाऱ्या माणसासाठी यापेक्षा जवळचं पत्र नव्या करारात नाही, असं माझं मत आहे.

म्हणून माझी रेषा अशी: आरतीला हात जोडत नाही, ताटाला हात लावत नाही, पूजेला बसत नाही. शेजारीण दारात मोदक घेऊन आली की तिच्या मायेचा म्हणून घेते. ‘देवाचा प्रसाद म्हणून घे, म्हणजे तुझं काम होईल’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणते. वर्गणी सोसायटीच्या जेवणाला आणि दिव्यांना देते, मूर्तीसाठी म्हणून वेगळी पावती फाडली तर नाही. तुम्ही प्रसाद घेत नाही म्हणून मी तुम्हाला कर्मठ म्हणणार नाही. मी घेते म्हणून तुम्ही मला विकली गेलेली समजू नका.

‘भुतं’ या शब्दाबद्दल मात्र बोलते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९. इफिसात पौल दोनेक वर्षं राहिला, मूर्ती म्हणजे देव नव्हेत असं उघड शिकवलं, शेवटी अर्तमी देवीच्या नावाने सगळं शहर पेटलं. त्या गर्दीला शांत करणारा नगराचा लेखक, म्हणजे तिथला अधिकारी, काय सांगतो? या माणसांनी देऊळ लुटलेलं नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. पौलाच्या बाजूने बोलायचं त्या अधिकाऱ्याला काहीच कारण नव्हतं. इतकं ठाम शिकवूनही निंदेचा आरोप चिकटला नाही! आपल्यातल्या काही जणांचे व्हॉट्सअॅप संदेश पाहिले तर तो लेखक आपल्याबद्दल असं म्हणाला नसता.

माहेर_गिरगाव

मी हिंदू, वय झालेली बाई, वाचून जरा गप्प झाले. ‘देव एकच’ मी शेकडो वेळा म्हटलंय. खोताच्या वाडीत आमच्या मैत्रिणी होत्या, त्यांच्या अंगणातल्या क्रुसाला मीसुद्धा फुलं वाहिली आहेत. प्रेमाने म्हणत होते गं. ते ऐकताना तुम्हाला असं वाटत असेल, हे कधी मनातच आलं नाही.

पण एक स्पष्ट विचारते. तुमचं सत्य एकच असेल, तर मी तुमच्या दृष्टीने चुकलेली. मग माझा मोदक गोड मानून घेताना मनात काय असतं? कीव?

नगरची_लेक

काकू, थेट विचारलंत, बरं वाटलं.

हो, देवाविषयी तुमचं काही मानणं मला चुकीचं वाटतं. माझं काही मानणं तुम्हाला चुकीचं वाटत असणार, निदान ‘फक्त येशूच’ हे तरी. म्हणजे त्या बाबतीत आपण बरोबरीच्याच. ‘सगळं एकच’ म्हणणारासुद्धा मला चूकच ठरवत असतो, फक्त हळू आवाजात.

कीव नाही, काकू. आमच्या श्रद्धेत तारण हे चांगुलपणाचं बक्षीस नाही. तसं असतं तर तुमचा नंबर माझ्या आधी लागला असता. मला जी कृपा लागली तीच तुम्हालाही लागते, असं मी मानते. त्यात मी वर कुठे आले?

खटपट्या

नास्तिकाची हजेरी लावतो. ताई लिहितात छान, पण मुळातला मुद्दा कुणी काढतच नाही. तुम्ही नगरच्या ख्रिस्ती घरात जन्मलात म्हणून ख्रिस्ती. रत्नागिरीत भटांच्या घरी जन्मला असतात तर गणपती अथर्वशीर्ष म्हणत असतात आणि तेही इतक्याच ठामपणे. ‘सत्य’ वगैरे मोठे शब्द जन्मदाखल्यावर अवलंबून असतील तर त्यांना किती किंमत द्यायची?

फोर्टातला_बाबू

खटपट्या राव, उदाहरण चुकीच्या जिल्ह्यातलं घेतलंत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावच्या ब्राह्मण घरात १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला होता. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते अडकले. लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. मधली वर्षं ताटातूट, अपमान, पंढरपूर. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने.

पंडिता रमाबाई. संस्कृत पुराणं मुखोद्गत असलेली बाई १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेते, आणि मग ज्या अँग्लिकन भगिनींकडे राहते त्यांच्याशीच त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून), चर्चच्या अधिकारावरून वर्षानुवर्षं पत्रांतून भांडते. मला पटल्याशिवाय मी मानणार नाही, असा तिचा खाक्या. १८८९ मध्ये मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढलं ते याच बाईने.

आणि धाग्याचा विषय मुंबईला नवा नाही. १८३१ मध्ये मिशनरी डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा मुंबईत जाहीर वाद झाला. १८५७ मध्ये, उत्तरेत बंड पेटलं त्याच वर्षी, चौपाटीच्या वाळूवर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी समोरासमोर बसून वाद घालत. लोक ऐकायला गर्दी करत. त्याचं टिपण ठेवणारा जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये आला आणि १८८८ मध्ये इथेच वारला. मिशनचा पगार सोडून गरीब वस्तीत राहिलेला माणूस. विष्णुबुवांचं मत त्याने बदललं नाही, विष्णुबुवांनी त्याचं नाही. आज असा कार्यक्रम चौपाटीवर करायचा म्हटला तर किती परवानग्या लागतील, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

मधला मार्ग धरणारेही होते. १८६७ चा प्रार्थना समाज. ख्रिस्ताची शिकवण आवडायची, एकेश्वर मान्य, पण बाप्तिस्मा नको, जात सोडणं नको. त्यांना मी नावं ठेवत नाही, रानडे-भांडारकरांसारखी माणसं तिथे होती. पण बाबा पदमनजींसारखा एखादा आधी जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेच्या गुप्त बैठकांना जातो, आणि बंद दारामागची सुधारणा पुरी न पडल्याने १८५४ मध्ये उघड बाप्तिस्मा घेतो. जन्मदाखला यातल्या कुणालाच अडवू शकला नाही.

अवांतर: गिरगावातल्या बसथांब्याचं नाव ‘प्रार्थना समाज’ का, हे आता किती प्रवाशांना माहीत असेल?

खटपट्या

@फोर्टातला_बाबू, माहितीबद्दल आभार, खरंच. पण यातून एवढंच सिद्ध होतं की माणसं मत बदलतात. बदललेलं मत खरं, हे नाही. विष्णुबुवांनी बदललं नाही, म्हणून ते खरे?

नगरची_लेक

मान्य. पण मग जन्माचा मुद्दाही तिथेच संपतो ना? माणूस कुठे जन्मला यावरून त्याचं मत खरं की खोटं ठरत नाही, तुमचं नास्तिक असणंही त्यात आलं. दादरच्या वाचनालयाजवळ वाढलेला मुलगा नास्तिक व्हायची शक्यता जास्त, म्हणून नास्तिकपणा खोटा ठरत नाही. आता बोला प्रत्यक्ष घटनेवर. कबर रिकामी होती की नव्हती?

निळी_वाट

बौद्ध आहे. धागा ख्रिस्ती लोकांचा, पण हा प्रश्न आमच्या घरात रोजचा.

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली तिसरी सरळ आहे: गौरी-गणपतीला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. ऑफिसात सत्यनारायण असते तेव्हा मी जागेवर बसून काम करतो. ‘अरे प्रसाद तरी घे, एवढं काय’ असं दरवर्षी ऐकतो. आमच्यातल्या काहींनी घरात गणपती बसवले आणि वर म्हणतात, मुलांच्या हौसेसाठी. त्यावरून भावाशी माझं बोलणं बंद होतं.

म्हणून ताईंचा पहिला परिच्छेद मला लागू पडतो. ‘सगळं एकच’ म्हणणारे लोक ज्याने काहीतरी सोडलंय त्याला सांगतात की तुझं सोडणं फुकट होतं. माझ्या आजोबांनी देव नदीत सोडले ते नावं बदलायला नाही.

एक प्रश्न मात्र विचारतो, राग नको. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये आम्ही. ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. नगर, जालन्याकडचे किती तरी लोक रविवारी चर्चमध्ये असतात आणि दाखल्यावर हिंदू. सत्याला धरून राहणं म्हणता, तर याचं काय?

मिडनाईट_लोकल

वरच्या प्रतिसादासाठीच लॉगिन केलं.

तो दाखला माझ्या घरात आहे. वडील मंडळीत वडीलधारे, प्रभुभोजनाची सेवा करतात. शाळेच्या दाखल्यावर हिंदू आणि जात. शिष्यवृत्ती मिळाली, हॉस्टेल मिळालं, म्हणून मी आज मुंबईत आहे, लोअर परळला नोकरी करतो. बाप्तिस्मा झालाय, कागदावर नाही. रविवारी विश्वासाचा अंगीकार म्हणताना मधेच थांबतो. मी खोटं बोलतोय का? कुणी गोल उत्तर देऊ नका.

जिवंत_वचन

भावा, सगळ्यांना वाटेल की मी आता तुला झाडणार.

माझ्या मोठ्या भावाने दाखला बदलला. राजपत्र, प्रतिज्ञापत्र, सगळं. त्यानंतर सरकारी नोकरीचा अर्ज खुल्या वर्गातून, दोन गुणांनी राहिला. आज तो खासगी सिक्युरिटीत रात्रपाळी करतो. आईने त्याला अजून माफ केलेलं नाही. तो म्हणतो, पश्चात्ताप नाही. पण तूही असंच कर, असं तो कुणालाच सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. किंमत ज्याला द्यायची त्याने ठरवावं. प्रार्थना करीन. नाव नको, देवाला माहीत आहे.

नगरची_लेक

@मिडनाईट_लोकल, गोल उत्तर देत नाही. दोन गोष्टी वेगळ्या करून बघ.

पहिली, कायद्यातला अन्याय. जात माणसाच्या मागे चर्चमध्ये येते. पाणवठ्यावर येते, लग्नाच्या बोलणीत येते, आमच्या काही दफनभूमींतसुद्धा येते. बाप्तिस्म्याने ती गावाच्या नजरेतून पुसली जात नाही, आणि कायदा मात्र पुसली गेली असं धरून चालतो. याविरुद्ध न्यायालयात याचिका आहेत, २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. हे भांडण खरं आहे आणि ते उघडपणे भांडलं पाहिजे. तुझ्या वडिलांनी तुला हॉस्टेलात धाडताना जे केलं त्यावर भायखळ्यात पंख्याखाली बसून मी निवाडा करणार नाही.

दुसरी, तू आज काय म्हणतोस. आता तू सज्ञान आहेस, दाखला तुझ्या नावचा आहे. यापुढे एखाद्या अर्जावर ‘धर्म’ या रकान्यात स्वतःच्या हाताने हिंदू लिहून सही केलीस, तर ते माझ्या मते खोटं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात हेच कडक शब्दांत सांगितलं: ख्रिस्ती आचरण चालू ठेवून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा टिकणार नाही. त्यामुळे आत्म्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी पायाखालची जमीन भुसभुशीत आहे. पुढचा अर्ज भरायच्या आधी एखाद्या जाणत्या वकिलाला विचार, आणि तुझ्या पाळकांशी बोल. पाळकांना हे नवीन नसणार, खात्री बाळग.

अंगीकार म्हणताना थांबतोस, त्याबद्दल नामानाची गोष्ट वाच, २ राजे ५. अरामाचा सेनापती, बरा झाल्यावर म्हणतो की यापुढे इस्राएलाच्या देवाशिवाय कुणालाही अर्पण करणार नाही. मग अडखळत पुढे म्हणतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा व्हावी. अलीशा म्हणतो, शांतीने जा. परवानगी दिली असं मी म्हणत नाही, टीकाकारांचं यावर एकमत नाही. पण नामानाने अडचण लपवली नाही, तोंडाने सांगितली. तूही आज सांगितलीस.

निळी_वाट

@मिडनाईट_लोकल, टोमणा नव्हता मित्रा. आमच्या लोकांनी १९५६ ते १९९० काढली, केंद्राच्या सवलतींशिवाय. त्या काळातही कागदावर ‘हिंदू महार’ लिहून घेणारे होते आणि ‘बौद्ध’ लिहून मागे राहिलेलेही. आज दोघांचीही नातवंडं जयंतीला चैत्यभूमीवर एकत्र असतात. लढा चालू ठेवा, आम्ही सोबत आहोत.

संपादक मंडळ

धर्मांतर, तांदूळ आणि परदेशी पैसा यावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम २५ मध्ये आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलं आहे. दोन्ही वाक्यांवर चर्चा करायची असेल तर स्वतंत्र धागा काढावा. इथे विषयावर राहा.

वसईकर_कुपारी

संपादकांचे आभार.

ताई, मूळ प्रश्नावर परत येतो, कारण मुलीला काय सांगायचं ते राहूनच गेलं. आमच्याकडे फादर दिब्रिटो होते. पर्यावरणासाठी रस्त्यावर उतरले, उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, संतसाहित्यावर मनापासून बोलायचे. धर्मगुरूला संमेलनाध्यक्ष करायला विरोध झाला तेव्हा धर्म लपवला नाही, चिडलेही नाहीत. तरुण मुलांना मी त्यांचंच उदाहरण देतो. स्वतःच्या श्रद्धेत खोलवर असलेल्या माणसाला तुकोबा वाचायची भीती वाटत नाही.

माहेर_गिरगाव

हे पटलं. टिळकसुद्धा तुकोबांचे ऋण मानायचे, असं वाचल्याचं आठवतंय.

मुलीला माझा निरोप सांग: खालाआजी चांगल्या आहेत, हे तिने त्यांना तोंडावर सांगावं, आणि ‘तुम्ही ईसांबद्दल काय मानता’ हेही त्यांनाच विचारावं. आईकडून ऐकण्यापेक्षा ते बरं.

नगरची_लेक

काकू, निरोप वाचून दाखवला. कालच ती समोरच्या घरी गेली आणि तासभर बसून आली. खालांनी तिला मरियमची सूरह वाचून दाखवली, अर्थ मराठीत सांगितला, आणि शेवटी म्हणाल्या की तुझी आई जे मानते ते आम्ही मानत नाही, पण तू तुझ्या आईचं नीट ऐकून घे. आता मुलीच्या प्रश्नांची यादी दुप्पट झालीय.

नरक-स्वर्गाबद्दल मी तिला अब्राहामाचा प्रश्न दिला, उत्पत्ती १८ मधला: सगळ्या जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? कुपारी दादा, तुमची १९६५ च्या आसपासची शिकवण आमच्या पाळकांना पूर्ण मान्य होणार नाही, मलाही ‘कळो न कळो’पाशी अडखळायला होतं, कारण मग सांगायचंच कशाला हा प्रश्न उरतो. पण न्यायाधीशाच्या खुर्चीत मी बसायचं नाही, एवढ्यावर आपलं जमतं.

तिने पुढे विचारलं, ‘मग तू खालाआजींना येशूबद्दल सांगत का नाहीस?’ सांगितलंय. त्या विचारतात तेव्हा सांगते, त्या न विचारता कधी कधी मीही सांगते, आणि मग त्यांचंही ऐकून घेते. पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, आणि त्याला जोडूनच सौम्यतेने आणि आदराने, असंही आहे.

खटपट्या

माझा प्रश्न तसाच राहिलाय. कबर रिकामी होती, ही तुमच्याच ग्रंथातली साक्ष. आरोपीनेच आपल्या बाजूने दिलेली.

नगरची_लेक

साक्ष कुणाची, हे बघा ना. करिंथकरांचं पत्र साधारण इसवी सन ५५ च्या सुमारास लिहिलेलं, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांत. त्यात पौल पाहणाऱ्यांची यादी देतो आणि म्हणतो की पाचशेंपैकी बहुतेक अजून जिवंत आहेत. म्हणजे जाऊन विचारा, असंच ना? त्या यादीत येशूचा भाऊ याकोब आहे, जो आधी त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हता. स्वतः पौल तर छळ करणारा. शुभवर्तमानांत पहिल्या साक्षीदार बायका आहेत, ज्यांच्या साक्षीला त्या काळात फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायची असती तर कुणी बायकांना पुढे केलं नसतं.

खटपट्या

भास, दुःखात झालेला. एकाला झाला की दुसऱ्याला होतो. पाचशेंची नावं कुठे आहेत? यादी देणारा माणूसच मुळात प्रचारक.

जिवंत_वचन

पौलालाही झाला का भास? तो तर दुःखात नव्हता, तो पकडायला निघाला होता.

चहाटपरी

शंभरी नाही झाली, पण वाचायला मजा आली. खटपट्या आणि ताई, पुनरुत्थानावर नवा धागा काढा, इथे स्क्रोल करून अंगठा दुखला.

नगरची_लेक

काढते, पण नाताळनंतर. सध्या रोज संध्याकाळी गायनाचा सराव आहे आणि आल्टो आवाज कमी पडताहेत. खटपट्या, तोपर्यंत १ करिंथ १५ एकदा सलग वाचून ठेवा, म्हणजे पहिल्याच प्रतिसादात अध्याय उतरवून काढावा लागणार नाही. मिडनाईट_लोकल, व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघ.